विहिरीत पळणारी बाई

पाण्यात पळता येतं! पोहण्याबद्दल बोलत नाहीये मी. गळ्यापर्यंत पाण्यात, तळाला पाय न टेकवता, रस्त्यावर पळतो तसेच गुडघे उचलून, तसेच हात हलवून, धापा टाकत, घामाघूम होत (हो, पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही) चक्क पळता येतं! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींना सांगून झालं, रिक्षावाल्या दादांना सांगून झालं. बँकेत माझ्या काउंटरवर आलेल्या एका आजोबांनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आधी माझं हयातीच्या दाखल्याचं बघा."

तर आधी नडगीचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मी नाव घातलं होतं. सातारकरांना तिच्याबद्दल काही सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: 2012 पासून ही शर्यत होते, पावसाळा सरता सरता. अंतर 21 किलोमीटर. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गाव ओलांडून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला जाऊन वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. म्हणजे निम्मी शर्यत चढ आणि निम्मी उतार, वर पाऊस, धुकं आणि अंगाला चिकटलेला टी-शर्ट. चढ दम काढतो असं सगळे म्हणतात. मांड्यांची खरी कसोटी उतारावर लागते हे घाट उतरल्याशिवाय कळत नाही.

आणि ऐन जूनमध्ये, वेळापत्रक छान बसलेलं असताना, उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर वितीभर अंतरावर, एक ठिपका दुखायला लागला. ठिपकाच. अंगठ्यानं दाबला की ब्रह्मांड आठवायचं, बोटभर वर दाबलं तर काही नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मग एमआरआय काढला, त्यात सापडलं. हाड मोडलेलं नव्हतं, पण मोडायच्या तयारीत होतं. स्ट्रेस रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपलं हाड रोज थोडं कुरतडलं जातं आणि रोज नव्यानं भरलं जातं. कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका जमिनीकडून पायाला परत मिळतो. त्या दणक्यांचा हिशेब वाढला की कुरतडणाऱ्या पेशी पुढं जातात आणि भरणाऱ्या मागं राहतात. त्यात मेख अशी की दम लवकर वाढतो. काही आठवड्यांत हृदय, फुप्फुसं, स्नायू तयार होतात आणि "चल की!" म्हणायला लागतात. हाडाला महिने लागतात. "पळणं बंद, मॅडम," डॉक्टर म्हणाले, "सहा ते आठ आठवडे."

सहा ते आठ! शर्यत तोंडावर आणि मी सोफ्यावर. आमच्या पळण्याच्या ग्रुपवर रोज पहाटे घाटातले फोटो: धुकं, ओला रस्ता, दात काढून हसणाऱ्या माझ्या मैत्रिणी. खाली मला उद्देशून सुविचार. मागं उगवता सूर्य, पुढं डोंगरावर उभा एक माणूस आणि मधे "हरू नकोस, लढत राहा." अगं बाई, लढू कुणाशी? नडगीशी? ती तर म्हणतेय की गप बस. सुविचार पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण जायबंदी पळणाऱ्या माणसाला सूर्योदयाचे फोटो पाठवणं हा एक प्रकारचा छळ आहे, हे माझं ठाम मत आहे.

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सहज विचारलं, "पोहता येतं का?" म्हटलं, विहिरीत शिकलेली आहे. "मग पाण्यात पळा की."

मी हसले. तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कमरेला फोमचा पट्टा बांधलेली एक बाई तलावाच्या खोल भागात, खांद्यापर्यंत पाण्यात, मन लावून पळत होती. चेहरा पूर्ण शर्यतीतला! आणि माझ्या पोटात जे काही हललं ना, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पाय जमिनीला टेकत नाही म्हणजे दणका नाही. दणका नाही म्हणजे हाडाला सुट्टी. आणि बाकी सगळं कामाला!

शहरातल्या तलावाच्या बायकांच्या बॅचची आणि माझ्या बँकेची वेळ काही केल्या जुळेना. दादाला फोनवर रडगाणं सांगत होते, तर तो म्हणाला, "तायडे, हितं विहीर काठोकाठ आलीय आणि तू तलाव हुडकत बसलीयास?"

माहेर कोरेगावकडं. बँकेतून सुटले की स्कूटीवरून अर्ध्या-पाऊण तासात पोचते. आमची विहीर दगडी बांधणीची, पायऱ्यांची, पावसाळ्यात पाच परस पाणी. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखी ऐतिहासिक वगैरे नाही (तिथं एकाच वेळी बारा मोटा चालत, बांधकाम बघत राहावं असं आहे, पण तिथं उतरून पळण्याचा विचारसुद्धा करू नका). आमच्या विहिरीवर एक वाकलेली बाभूळ, तिला लोंबणारे सुगरणीचे खोपे, आणि कपारीत राहणारी एक पाणदिवड. ती बिनविषारी आहे. तिला ते माहीत आहे, मला माहीत आहे, तरी आम्ही एकमेकींना अंतर देऊन असतो.

पट्टा तेव्हा नव्हता. आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती पाठीला वाळका भोपळा किंवा डबा बांधून, म्हणून भाच्यानं पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बूच आवळून माझ्या कमरेला मागं बांधला. उतरले, आणि तोंडावर आपटले! पाच लिटर हवा म्हणजे जवळपास पाच किलोची वर उचल, तीही मागून. बूड वर, तोंड पाण्यात. मग दोन लहान बाटल्या दोन्ही कुशींना बांधल्या, तेव्हा अंग सरळ राहिलं. आपलं शरीर पाण्यात तसंही जवळजवळ तरंगतंच, त्याला जरासाच आधार पुरतो. पुढं पुण्याहून फोमचा पट्टा मागवला, पण पहिली मजा त्या बाटल्यांचीच.

पळायला लागले. गुडघा वर, पाय खाली आणि मागं रेटायचा, सायकलसारखा गोल फिरवायचा नाही. मुठी सैलसर मिटलेल्या. पंजा उघडून पाणी ओढलं की ते पोहणं झालं, लबाडी झाली. छाती किंचित पुढं, नजर समोर. पाणी हवेच्या आठशेपट दाट असतं हे कधीतरी शाळेत वाचलं असेल. आता ते पोटऱ्यांना कळत होतं. जितकं जोरात रेटाल तितकं ते जोरात अडवतं. दहा मिनिटांत माझा फेस निघाला. भाचा काठावर पाय सोडून बसलेला, पेरू खात. बराच वेळ निरखून त्यानं निकाल दिला, "आत्या, एवढी पळालीस, पर तू हाय तितंच हाईस की!"

बरोबर आहे त्याचं. मिनिटाला हातभर सरकत होते फार तर. पण कानात माझाच श्वास विहिरीच्या दगडांवरून घुमून परत येत होता, छाती भात्यासारखी चालली होती आणि कितीतरी दिवसांनी मी दमले होते. दमले होते हो! नडगी मात्र गप्प.

इतक्यात वरून आरडाओरडा. शेजारच्या रानात भांगलणारी काकू हातातलं खुरपं टाकून वाफे तुडवत पळत आली होती. माहेरी आलेली लेक, तिन्हीसांजेची, विहिरीत. आमच्या भागात याचा अर्थ काय होतो हे मी वेगळं सांगायला नको. ती काठाशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी खालून ओरडून सांगितलं, "काकू, व्यायाम करतेय!" ती मटकन खाली बसली. "अगं बया," म्हणाली, "सांगून तरी उतरायचंस!" तिला माझ्यापेक्षा जास्त दम लागला होता. मग पाणी प्यायली आणि तिथंच बसून राहिली, माझं संपेपर्यंत. आता मी गेले की काठावर काकू असतेच. तिच्या मते तिथं माणूस पाहिजे, आणि ते खरंच आहे. एकटीनं विहिरीत उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. पायरीला दोर बांधलेला असतो. आणि उतरण्याआधी दादा मोटरच्या पेटीतला किटकॅट फ्यूज काढून खिशात घालतो. पाण्यात मोटर आणि पाण्यात माणूस एका वेळी नको.

आता त्या पहिल्या आठवड्यात मला काय काय सापडलं ते ऐका!

हातातल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही. पाण्यात मनगटावरचा सेन्सर गोंधळतोच, पण नाडी नीट मोजली तरी ती जमिनीपेक्षा दहाएक ठोके कमीच येते. पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडं लोटतो, हृदयात एका ठोक्याला जास्त रक्त भरतं, म्हणून तेवढ्याच कष्टाला ठोके कमी लागतात. मग जोर किती लावलाय हे कशावरून ओळखायचं? मी पाढे म्हणायला लागले! शाळेत मारून पाठ करून घेतलेले पाढे अखेर कामाला आले. बाराचा पाढा सलग म्हणता येत असेल तर ते हलकं पळणं. एकोणिसाचा पाढा मधे श्वास घेत म्हणता आला तर मध्यम. आणि एकोणतीस सत्ते दोनशे तीनच्या पुढं तोंडातून शब्दच फुटत नसेल, तर तो झाला खरा जोर. पळणाऱ्यांच्या जगात "बोलता येईल इतकंच पळा" असा नियम असतोच. माझी पाढ्यांची पट्टी त्याहून बारीक आहे, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

पाण्यात विश्रांती लांबवायची नाही, हेही कळलं. थांबलं की नाडी झटकन उतरते. म्हणून मिनिटभर जीव तोडून आणि अर्धा मिनिट हळू, असं करायचं. अशा फेऱ्या केल्या की पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात. घाट चढून आल्यावर थरथरतात तशाच! त्या दिवशी मी ओल्या कपड्यांत पायरीवर बसून खुळ्यासारखी हसत होते.

मग रात्री वाचायला बसले आणि वाचतच राहिले. चांगल्या पळणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत चार ते सहा आठवडे नुसतं पाण्यात पळूनही त्यांचा दम टिकल्याचं दिसलंय. टिकला! मी हे वाक्य नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

त्याच वाचनात जोन बेनॉइट भेटली. 1984 साल. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होणार होती. अमेरिकेची निवड चाचणी 12 मे रोजी आणि हिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली ती चाचणीच्या फक्त 17 दिवस आधी. तिनं चाचणी जिंकली. ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत सुवर्णपदकही जिंकलं. जिद्दीची गोष्ट म्हणून ही सगळीकडं सांगतात. मला मात्र त्या 17 दिवसांत ती काय करत होती यात रस होता, तर गुडघा चालत नव्हता म्हणून ती व्यायामाच्या सायकलचे पायडल हातांनी फिरवत होती! हातांनी! मला एकदम ती आमच्या विहिरीवर काकूशेजारी बसलेली दिसायला लागली.

आणि आपली ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोहीची, म्हणजे जिथं पाण्याचा हंडा हीच रोजची शर्यत असते अशा भागातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि मग लांबचा रस्ता सोडून 3000 मीटर स्टीपलचेसकडं वळली. त्या शर्यतीत अडथळे असतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. दुष्काळी गावची पोर पाण्यावरून उड्या मारत 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत जायला भारतीय बाईला 32 वर्षं लागली होती. ललिताला नडगीनं अडवलं नव्हतं, तिची गोष्ट निराळी; पण चालू रस्ता सोडून दुसरा धरायला काय लागतं याचा मी त्या रात्री पुष्कळ विचार केला.

मला जे वाटतं ते आता सांगूनच टाकते. उभारी मनात शोधायला गेलं की सापडत नाही. मी सोफ्यावर पडून पुष्कळ शोधली. ती हाताला काम लागलं की मागून येते. माझ्या वहीत वेळापत्रक असतं, रोजची एक चौकट. जूनमधल्या त्या चौकटी रिकाम्या होत्या आणि प्रत्येक रिकामी चौकट मला खात होती. मग एके दिवशी चौकटीत लिहिलं: "विहीर, 30 मिनिटं, बाराचा पाढा." बस्स. एवढ्यानं मी पुन्हा पळणारी झाले. पाय बरा झाला नव्हता, शर्यत होईल याची कुणी खात्री दिली नव्हती, पाऊस तर असा की पाणी गढूळ होऊन दोनदा उतरताही आलं नाही. पण उद्याच्या चौकटीत काय लिहायचं हे मला माहीत होतं. जायबंदी माणसाला दुसऱ्यांनी काही द्यायचंच असेल तर सुविचार देऊ नका. त्याला करता येईल असं काहीतरी द्या. दोर धरा. काठावर बसा.

याची परीक्षा लवकरच झाली. सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी एका पायावर उडी मारायला सांगितली. मारली. ठिपका बोलला, हलकाच, पण बोलला. "आणखी दोन आठवडे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडं जरा घाबरून बघायला लागले. आधीच्या खेपेला मी त्यांच्या केबिनमध्ये रडले होते. मी म्हटलं, "बरं." त्यांना वाटलं मी ऐकलंच नाही. "दोन आठवडे, मॅडम." म्हटलं, "हो, कळलं. आज माझ्या जोराच्या फेऱ्या आहेत, निघू का?" बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली तेव्हा लक्षात आलं, डोळ्यांत पाणी नव्हतं. ठिपक्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण काकू वाट बघत होती.

त्या दोन आठवड्यांत मी विहिरीत अख्खी शर्यत पळून बघितली, कल्पनेनं. परेड ग्राउंडवरून निघाले, समर्थ मंदिरापाशी वेग धरला, घाट लागल्यावर गुडघे जास्त उचलले, पहिल्या मोठ्या वळणाला एकोणिसाच्या पाढ्यावर आले. "आता कुठं आलीस?" काकू वरून विचारायची. "यवतेश्वर!" "मग हात जोड की देवाला!" पळता पळता मी हात जोडले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

मागच्या आठवड्यात रस्त्यावर परत उतरले. मिनिटभर हळू पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं. हाडाला आता थोडा-थोडा दणका पाहिजेच, त्याशिवाय ते घट्ट होत नाही. एवढे दिवस टाळला तोच दणका आता औषध म्हणून, मोजून. पहिल्या मिनिटाला पाय डांबरावर आपटला तर केवढा आवाज झाला! पाण्यात राहून मी पावलांचा आवाजच विसरले होते. पाय जड, बेंगरूळ, कुणा परक्याचे असावेत तसे. पण दम? दम जागेवर! मिनिट संपलं तेव्हा मी बाराचा पाढा म्हणत होते आणि श्वासही चढला नव्हता. समोरून येणारे एक काका माझ्याकडं वळून वळून बघत गेले, बारा सत्ते चौऱ्याऐंशी, बारा अठ्ठे शहाण्णव.

यंदाच्या शर्यतीचं डॉक्टर म्हणतात, बघू. पळाले तरी चालत-पळत, आणि उतार सगळा चालत. नसेल जमत तर पुढच्या वर्षी. हे वाक्य मी जूनमध्ये लिहू शकले नसते.

विहीर मात्र सोडायची नाही, आठवड्यातून दोनदा तरी जायचंच. आणि ग्रुपवर मी विहिरीचा व्हिडिओ टाकल्यापासून गंमत झालीय. सूर्योदय पाठवणं बंद झालं आणि चौघीजणी रविवारी येतो म्हणतायत. एकीची टाच दुखतेय, एकीचा गुडघा, दोघी धडधाकट आहेत पण त्यांना पाणदिवड बघायचीय. दादाला विचारलं. त्यानं अटी घातल्या: पोहता येत असेल तीच उतरेल, प्रत्येकीला पट्टा हवा, एका वेळी दोघी, आणि काकूचा शब्द अखेरचा. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "येऊ द्यात. पर समद्या एकदम पाढे म्हणाया लागल्या तर मला कळायचं कसं, कोण बुडतंय आन् कोण पळतंय?"

यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. भाच्याचं म्हणणं, शिट्टी आणू.